जखम बारीक, झुंज मोठी



हुतूतू खेळताना गुडघा फुटला नाही किंवा सायकल शिकताना कोपर सोलवटले नाही, असा मुलगा किंवा मुलगी शोधूनही सापडायची नाही. अशा वेळी आपण काय करतो? जखम पाण्याने धुतो. ती थोडी चुरचुरते. दोन दिवसांनी खपली धरते आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ती गळून पडते. जखम झाली होती हेही आपण विसरून जातो.

हजारो जखमांची कथा अशीच संपते. परंतु क्वचित, अगदी क्वचित, एखादी जखम निराळ्या वाटेने जाते. त्या वाटेवर काय घडते, माणूस तेथून परत कसा येतो आणि परत आल्यावरही त्याची झुंज का संपत नाही, ते आज आपण पाहू या. हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र वेळ किती मोलाची असते, हे यातून नक्की कळेल.

एका शास्त्रज्ञाची गोष्ट

सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी १९२४ साली आइनस्टाइन यांना आपला एक लेख पाठविला. त्यातील विचार पुढे नेऊन आइनस्टाइन यांनी पदार्थाच्या एका नव्याच अवस्थेचे भाकीत केले. ती अवस्था प्रयोगशाळेत आणायला मात्र सत्तर वर्षे लागली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचे गाव आहे. तेथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी १९९५ सालच्या जून महिन्यात सुमारे दोन हजार रुबिडियम अणू निरपेक्ष शून्य तापमानाच्या अगदी जवळ नेले आणि ही अवस्था प्रत्यक्ष पाहिली. या कामासाठी २००१ साली त्या दोघांना वोल्फगांग केटर्ले यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच एरिक कॉर्नेल २००४ सालच्या ऑक्टोबरात एकाएकी आजारी पडले. त्या वेळी ते अवघे ४२ वर्षांचे होते. जंतूंचा प्रसार थांबविण्यासाठी शल्यचिकित्सकांना त्यांचा डावा हात खांद्यासकट काढून टाकावा लागला. डिसेंबरच्या मध्यावर ते रुग्णालयातून घरी आले आणि पुढच्या वर्षी थोडा थोडा वेळ काम करीत पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाले.

त्यांना झालेल्या रोगाचे नाव 'नेक्रोटायझिंग फॅसायटिस'. वर्तमानपत्रे या जंतूंना 'मांस खाणारे जंतू' म्हणतात. हे नाव थरारक आहे, पण बरोबर नाही. हे जंतू मांस खात नाहीत. ते विषे सोडतात, आणि त्या विषांनी ऊती मरतात. हे कसे घडते ते समजण्यासाठी आधी आपल्या कातडीखाली डोकावले पाहिजे.

कातडीखाली काय असते?

एक संत्रे घ्या. वरची नारिंगी साल म्हणजे आपली त्वचा. तिच्या आतला पांढरा, मऊ भाग म्हणजे त्वचेखालचा चरबीचा थर. आतल्या फोडी म्हणजे स्नायू, आणि प्रत्येक फोडीवरचा पातळ पापुद्रा म्हणजे स्नायूंवरचे वेष्टन. या वेष्टनालाच डॉक्टर 'फॅशिया' म्हणतात. हाडे सोडून शरीराला आकार देणाऱ्या या साऱ्या भागांना मिळून 'मऊ ऊती' असे नाव आहे.

आता संत्र्याच्या सालीला वरून एक भोक पाडा आणि साल व फोडी यांच्यामध्ये बोट घाला. बोट किती सहज सरकते पाहा! साल वरून अखंड दिसत असते आणि आत मात्र बोट पार पलीकडे पोहोचते. या रोगातले जंतू नेमका हाच मार्ग धरतात. फॅशियाला रक्ताचा पुरवठा मुळातच कमी असतो. त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही तेथे कमी पोहोचतात. शत्रूला मोकळे रान मिळते.

हा रोग कधी अनेक प्रकारचे जंतू मिळून घडवितात, तर कधी एकच जंतू पुरतो. त्यांपैकी प्रसिद्ध म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो माळेत ओवलेल्या मण्यांसारखा दिसतो. हा काही परका पाहुणा नव्हे. आपला घसा दुखतो तेव्हाही कधी कधी त्याचाच एक भाऊबंद कारण असतो. मधुमेह असलेल्यांना किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे अशांना या रोगाचा धोका अधिक असतो, तरी धडधाकट माणसालाही तो क्वचित गाठतो.

येथे फळ्यावर एक गणित मांडू या. अनुकूल परिस्थितीत एक जीवाणू अर्ध्या तासात दुभंगून दोन होतात असे धरू. रात्री आठ वाजता एकच जीवाणू होता. सकाळी आठ वाजता किती असतील? बारा तासांत २४ वेळा दुप्पट, म्हणजे १,६७,७७,२१६! शरीरात वाढ इतकी निर्वेध होत नाही, हे खरे. तरीपण 'सकाळी पाहू' या दोन शब्दांची किंमत या रोगात किती मोठी असते, ते या गणितावरून कळते.

दुखणे मोठे, दिसणे लहान

त्वचेला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या फॅशियातूनच वर येतात. विषांमुळे या वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि प्रवाह बंद पडतो. खालच्या थरात आग लागलेली असते, पण वरची कातडी सुरुवातीला थोडीशी लाल आणि सुजलेली दिसते, इतकेच. म्हणून या रोगाची पहिली खूण डोळ्यांना दिसत नाही. ती रोग्याच्या तोंडून ऐकावी लागते. 'दिसते त्याहून कितीतरी जास्त दुखते आहे', हीच ती खूण.

पुढे कातडी जांभळट होते, तिच्यावर फोड येतात, ती काळी पडते. याच सुमारास एक फसवी गोष्ट घडते. तेथील मज्जातंतू मरतात आणि दुखणे कमी होते! रोग्याला वाटते, आराम पडला. वस्तुतः तो भाग बधिर झालेला असतो.

इतक्यात विषे रक्तात मिसळून साऱ्या शरीरभर पोहोचतात. एरवी एखादा परका पदार्थ शरीरात शिरला, तर टी पेशी नावाच्या रक्षक पेशींपैकी दहा हजारांत एखादीच त्याला ओळखते व जागी होते. स्ट्रेप्टोकॉकसची काही विषे मात्र एकदम पाचांतील एका पेशीला उठवू शकतात. गावात चोर शिरला तर त्या आळीतल्या चार माणसांनी उठावे, हे ठीक. पण सारा गाव अंधारात काठ्या घेऊन धावत सुटला तर? चोरापेक्षा गावकऱ्यांचाच मार गावकऱ्यांना जास्त बसेल. शरीरात तसेच होते. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरू लागतात.

गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या नळ्या एकाएकी रुंद झाल्या आणि जागोजाग गळू लागल्या, अशी कल्पना करा. टाकीत पाणी असूनही नळाला धार येणार नाही. वाहिन्या सैलावल्यावर रक्तदाब असाच कोसळतो. मग मूत्रपिंडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू यांना पुरेसे रक्त मिळत नाही आणि एकेक इंद्रिय काम सोडू लागते.

औषध आहे, मग चाकू कशाला?

तुम्ही विचाराल, पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके असताना हात कापायची वेळ का यावी? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर असे की औषध रक्तातून जाते आणि येथे तर रक्ताचाच रस्ता बंद झालेला असतो. पूल वाहून गेलेल्या गावात धान्याची गाडी पोहोचणार कशी?

दुसरे उत्तर अधिक मजेदार आहे. पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधण्याच्या कामात बिघाड करते. म्हणजे जो जीवाणू वाढतो आहे, नवी भिंत बांधतो आहे, त्याच्यावर ते चालते. पण एकाच जागी जीवाणूंची फार दाटी झाली की त्यांची वाढ मंदावते. मग पेनिसिलिनचा वार फुकट जातो. हॅरी ईगल या अमेरिकन संशोधकाने १९५२ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखविले, की औषध देण्यास उशीर झाला तर पेनिसिलिनचा गुण ओसरत जातो. म्हणून आज डॉक्टर पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिनसारखे औषध देतात. ते जीवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेवर, घाव घालते. स्ट्रेप्टोकॉकसची ही विषेही प्रथिनेच असल्याने विषाचा कारखानाच मंदावतो.

परंतु मेलेल्या ऊती आत राहिल्या तर जंतूंना आयता निवारा मिळतो. त्या काढून टाकणे हाच मुख्य उपचार. शल्यचिकित्सक चिरा देऊन आत पाहतो. निरोगी फॅशिया खालच्या थरांना घट्ट चिकटलेला असतो, तर रोगट फॅशियाखालून बोट सहज सरकते, अगदी आपल्या संत्र्यासारखे! जिवंत ऊती कापली की तांबडे रक्त पाझरते, मेलेली ऊती कापली तर पाझरत नाही. जेथे रक्त दिसेल तेथपर्यंत कापीत जायचे, हा नियम. साधारण एका दिवसाच्या आत रोग्याला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेऊन जखम परत तपासतात. रोग पुढे सरकला असेल तर आणखी कापतात. कधी कधी अवयव द्यावा लागतो, तेव्हा माणूस हाती लागतो.

इतिहास काय सांगतो?

अमेरिकेतील यादवी युद्धात जखमी सैनिकांना होणाऱ्या अशाच रोगाची हकिगत जोसेफ जोन्स या लष्करी डॉक्टरने १८७१ साली लिहिली. त्याने नोंदविलेल्या २,६४२ रोग्यांपैकी सुमारे ४६ टक्के दगावले होते. पुढे १९२४ साली चीनमधील पेकिंग येथे काम करणाऱ्या फ्रँक मेलेनी या शल्यचिकित्सकाने वीस रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील दर पाचांपैकी चार वाचले. लक्षात घ्या, पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा अजून चार वर्षे होती! लवकर केलेली शस्त्रक्रिया काय करू शकते, याचा हा पुरावाच होय. 'नेक्रोटायझिंग फॅसायटिस' हे नाव मात्र १९५२ साली विल्सन यांनी दिले.

आज उत्तम औषधे आणि यंत्रे असूनही शंभरांतील सुमारे वीस ते तीस रोगी दगावतात. कारण शत्रू घड्याळ लावून धावतो आणि आपल्याला ओळख पटायला उशीर होतो.

अतिदक्षता विभाग काय करतो?

शस्त्रक्रियेनंतर रोग्याला अतिदक्षता विभागात नेतात. पुष्कळांना वाटते, तेथील यंत्रे रोग बरा करतात. तसे नाही. जंतूंशी लढतात ती औषधे, चाकू आणि रोग्याचे स्वतःचे शरीर. यंत्रे फक्त त्या शरीराला उसंत मिळवून देतात. फुप्फुसे थकली तर श्वसनयंत्र हवा आत ढकलते. सैल पडलेल्या वाहिन्या आवळण्यासाठी नॉरॲड्रेनॅलिनचे थेंब शिरेतून सोडतात. मूत्रपिंडे थांबली तर डायलिसिसचे यंत्र रक्त गाळते. नाकातून घातलेल्या बारीक नळीने पोटात अन्न जाते. आणि या सर्वांवर परिचारिका रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात.

हा विभाग कसा जन्मला, त्याची हकिगत तुम्हां विद्यार्थ्यांना आवडेल. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. रोग्यांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडत. पुरेशी यंत्रे नव्हती. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालून तिला रबरी पिशवी जोडली. ती पिशवी हाताने दाबली की रोग्याच्या छातीत हवा जाई. पण रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे पिशवी दाबणार कोण? वैद्यकीय शाळेतील सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने त्या कामावर बसले! श्वसन बंद पडलेल्या रोग्यांपैकी पूर्वी दहांतील आठ-नऊ दगावत. ते प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. आजची श्वसनयंत्रे म्हणजे त्या विद्यार्थ्यांच्या हातांचेच काम.

वाचला, पण बरा झाला का?

एक दिवस ताप उतरतो, रक्तदाब सावरतो, नळ्या निघतात. नातेवाइक म्हणतात, 'सुटला बुवा!' पण खरी वाट येथून सुरू होते.

पहिले नुकसान स्नायूंचे. लंडनमध्ये केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील रोग्यांच्या मांडीचा एक स्नायू मोजला गेला. दहा दिवसांत त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सहाव्या हिश्श्याहून अधिक घटलेले आढळले. खाटेवर निजून राहणे आणि शरीरभर पेटलेला दाह, या दोहोंमुळे शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते. मग घरी आलेल्या माणसाला चार पायऱ्या चढणे म्हणजे गड चढण्यासारखे होते. म्हणून आता रोगी खाटेवर असतानाच त्याचे हातपाय हलवितात आणि झेपताच त्याला उभे करतात.

दुसरे नुकसान त्वचेचे. कापलेली जागा भरून काढण्यासाठी मांडीवरून त्वचेचा पातळ पापुद्रा काढून तेथे बसवितात. याला त्वचारोपण म्हणतात. जेथून पापुद्रा काढला, तेथे केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींपासून साधारण दोन आठवड्यांत नवी त्वचा येते. निसर्गाची केवढी ही करामत! पण बसविलेल्या पातळ त्वचेत घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी नीट चालत नाहीत. ती कोरडी पडते, तिला उन्हापासून जपावे लागते. शिवाय व्रण आकसतो आणि सांधा जखडतो. म्हणून रोजचा व्यायाम महिनोन् महिने चुकवून चालत नाही. हात किंवा पाय गेला असेल, तर नसलेल्या अवयवात वेदना जाणवणे हाही अनुभव पुष्कळांना येतो. हात गेला तरी मेंदूतील हाताचा नकाशा तसाच राहतो, त्याचा हा परिणाम.

तिसरे नुकसान डोळ्यांना दिसतच नाही, ते मनाचे. गुंगीची औषधे, अपुरी झोप, यंत्रांचे आवाज आणि ताप यांमुळे अतिदक्षता विभागात अनेकांना भ्रम होतो. भिंतीवर माणसे दिसतात, परिचारिका मारायला आल्या आहेत असे वाटते. घरी आल्यावरही भीतिदायक स्वप्ने, विसराळूपणा, उदासपणा काही काळ पाठ सोडत नाही. काही रुग्णालयांत परिचारिका आणि नातेवाइक रोग्यासाठी रोजनिशी लिहून ठेवतात. 'आज तुमची नळी काढली, आज तुमची मुलगी भेटून गेली', अशा साध्या नोंदी. हरवलेले दिवस परत जोडायला त्या उपयोगी पडतात.

तेव्हा मित्रहो, मोठ्या आजारातून उठलेला एखादा सोबती वर्गात परत आला, आणि त्याला धडा लवकर आठवेना किंवा तो खेळात मागे राहू लागला, तर त्याला आळशी म्हणू नका. शिक्षकांनीही त्याला वेळ द्यावा. तो अजून बरा होतोच आहे.

आपण काय करावे?

जखम झाली की स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. तिच्यावर माती, राख, शेण असले काहीही लावू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. आजोबा-आजींना मधुमेह असेल, तर त्यांची पावले रोज पाहण्याचे काम तुम्ही आनंदाने अंगावर घ्या.

जखमेच्या किंवा सुजेच्या मानाने वेदना फारच जास्त असेल, लाली भराभर पसरत असेल, ताप येऊन माणूस गळून गेला असेल किंवा कातडी जांभळी पडून फोड येत असतील, तर तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. निघताना लालीच्या कडेने पेनाने एक रेघ ओढावी आणि तिच्याजवळ वेळ लिहावी. तासाभराने लाली रेघेबाहेर गेली की नाही, हे डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात कळते. पेन तर तुमच्या खिशात असतेच.

आता पुन्हा बोल्डरच्या प्रयोगशाळेकडे वळू. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार चेंडूसारखा गोल पसरलेला आहे, की किंचित लांबट आहे, हा भौतिकशास्त्रातील एक गहन प्रश्न. २०२३ साली कॉर्नेल आणि जुन ये यांच्या गटाने त्याचे तोवरचे सर्वांत अचूक मापन प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन त्यांना गोलच आढळला. हात गेल्याला तेव्हा अठरा वर्षे उलटून गेली होती. ही अठरा वर्षे वेळेवर चाललेल्या चाकूने, पहारा करणाऱ्या परिचारिकांनी आणि धीराने केलेल्या व्यायामाने मिळवून दिली, असेच म्हणावे लागेल.

पुढच्या वेळी गुडघा खरचटला, तर तो आधी नीट धुवा. आणि कोणी म्हणाले, 'दिसत तर काही नाही, पण फार दुखतंय', तर त्याचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका.